नाव घेताना

बाबांना जाऊन चार वर्षं होत आली, तरी त्यांच्या नावाने फोन येतात. बहुतेक दुपारी, आई जरा आडवी झाली की. ती उठते, चष्मा शोधते आणि फोन कानाला लावते. पलीकडून एक तरुण आवाज बाबांचं पहिलं नाव घेतो, त्याला 'जी' जोडतो आणि विचारतो, बात हो सकती है क्या? आई काहीच बोलत नाही. पलीकडचा दोनदा 'हॅलो, हॅलो' करतो, पुन्हा तेच नाव घेतो आणि शेवटी फोन ठेवून देतो. त्याच्याकडे 'ग्राहक उपलब्ध नाही' अशी काहीतरी नोंद होत असणार, कारण चार दिवसांनी परत फोन येतो.

पहिल्यांदा शेजारी बसून हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, आईला ऐकू आलं नाही. पण तिला व्यवस्थित ऐकू येतं. साठ वर्षांच्या संसारात तिने बाबांचं नाव मोजून पाच-सहा वेळा घेतलं असेल, तेही उखाण्यात, हळदीकुंकवाला बायकांनी फारच आग्रह केला म्हणून. एरवी बाबा म्हणजे 'अहो'. तिसऱ्या माणसाशी बोलताना 'हे', आणि नातवंडांसमोर 'आजोबा'. रेशनच्या दुकानात कार्ड कुणाच्या नावावर आहे असं विचारलं की ती मला पुढे करायची आणि मी नाव सांगायचे. तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. ते नाव मोठ्याने उच्चारताना आपण काहीतरी महत्त्वाचं काम करतोय असं वाटायचं.

मला ही पद्धत पटते का? नाही. मी माझ्या नवऱ्याला नावानेच हाक मारते. पण आईच्या लेखी ते नाव ही तिच्याकडची जपून ठेवायची वस्तू होती, आणि आता कुणीही अनोळखी मुलगा दुपारी दोन वाजता ती हातात घेऊन विचारतो की ही वस्तू कुठे आहे. ती काय उत्तर देणार?

मी सदतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, म्हणून हे मला जास्त लागतं.

१९८३ साली पिंपरीकडच्या एका कारखान्यात बोर्डवर लागले. अलका टॉकीजच्या चौकातून सकाळी कंपनीची बस असायची. तेव्हाचा बोर्ड म्हणजे लाकडी कपाटासारखा, समोर भोकांच्या रांगा, खाली टेबलातून वर आलेल्या दोऱ्यांच्या जोड्या. दिवा लागला की मागची दोरी त्या भोकात घालायची, कळ पुढे ढकलून बोलायचं, कोण हवंय ते विचारायचं, मग जोडीतली पुढची दोरी हव्या त्या एक्स्टेंशनला लावून घंटी द्यायची. दोघं बोलायला लागले की आपण लाइनवरून बाजूला व्हायचं. दोन-तीन महिन्यांत हात आपोआप चालायला लागतात. तोंडाला मात्र वेळ लागतो.

आमच्या सीनियर बाईंनी मला तोंडाचं शिकवलं. 'कोण बोलतंय?' असं ऑपरेटरने कधीही विचारायचं नाही. आधी आपलं सांगायचं, मग 'आपलं नाव कळेल का?' असं विचारायचं. साहेब केबिनमध्ये नसतील तर 'साहेब नाहीत' म्हणायचं नाही, 'जागेवर नाहीत' म्हणायचं. का, ते मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. मराठीत 'नाहीत' म्हटलं की काय काय अर्थ निघू शकतो ते त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. थांबवून ठेवलेल्या माणसाकडे अर्ध्या मिनिटात परत जायचं, साहेब मिळोत न मिळोत. नुसतं 'अजून बघतेय हं' एवढं म्हटलं तरी माणूस थांबतो. आणि आडनावावर काम भागवायचं नाही. हे शेवटचं मी ऐकलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

नोकरीला दोन वर्षं होत आली असताना एका सकाळी बाहेरून फोन आला. लाइन खराब, पलीकडचा माणूस ओरडून बोलत होता. शिंद्यांना बोलवा, प्रेस शॉपमधल्या, त्यांचे वडील गेले. मी प्रेस शॉपच्या सुपरवायझरला फोन लावला आणि म्हटलं, शिंद्यांना पाठवा, घरून वाईट बातमी आहे. त्या शॉपमध्ये दोन शिंदे होते. हातातलं काम टाकून जो धावत आला तो दुसरा शिंदे होता. सुपरवायझरने त्याला बातमीही सांगून टाकली होती. मी लाइन जोडली, आणि कळ अजून पुढेच असल्यामुळे मला सगळं ऐकू आलं. तो फोनवर रडत विचारत होता, कधी? कसे? पलीकडचा माणूस काही क्षण गप्प झाला आणि म्हणाला, कोण बोलतंय?

दोन मिनिटं असतील. त्या दोन मिनिटांत एका माणसाचे वडील गेले आणि परत आले, आणि ज्याचे खरोखर गेले होते तो बाजूच्या मशीनवर काम करत होता. जेवणाच्या सुट्टीत मी त्या धावत आलेल्या शिंद्यांना भेटायला गेले. ते मला काही बोलले नाहीत. 'ताई, होतं असं' एवढंच म्हणाले. त्या दिवशी दुपारी मी स्टोअरमधून एक फूलस्केप वही आणली आणि त्यात माणसं लिहायला घेतली. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, शॉप, गाव. पवार सात, जाधव नऊ, शिंदे पाच. बोर्ड बदलला, दोऱ्या गेल्या, बटणं आली, थेट नंबर आले, पण ती वही निवृत्तीच्या दिवसापर्यंत माझ्या खणात होती.

टेलिफोनचा जन्मच नावाने झालेला आहे. १० मार्च १८७६ ला ग्रॅहॅम बेल तारेवरून पहिलं वाक्य बोलला ते आपल्या मदतनिसाला होतं: मिस्टर वॉट्सन, इकडे या, तुम्हाला भेटायचंय. आधी नाव, तेही 'मिस्टर' लावून. पुढे फोन उचलल्यावर काय म्हणावं यावर त्याचं आणि एडिसनचं जमलं नाही. बेलला खलाशांची 'अहॉय' ही हाक आवडायची, एडिसनने 'हॅलो' सुचवलं आणि तेच जगभर गेलं. सुरुवातीच्या एक्स्चेंजमध्ये नंबर नव्हतेच. लोक नाव सांगत आणि ऑपरेटर जोडून देत. मग १८७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावी गोवराची साथ आली. सगळे ऑपरेटर एकदम आजारी पडले तर बदली माणसाला कुठली जागा कुणाची हे कसं कळणार, असा प्रश्न तिथल्या डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांना पडला आणि त्यांनी माणसांना नंबर द्यायला सुचवलं, असं टेलिफोनच्या इतिहासात सांगतात. म्हणजे गावातली माणसं तोवर चार जणांच्या डोक्यात साठवलेली होती, आणि ती डोकी आजारी पडतील या भीतीने नंबर आले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी वही उघडून बसले होते.

आपल्याकडे ट्रंक कॉलमध्ये, म्हणजे ऑपरेटरकडे बुक करून लावायच्या परगावच्या फोनमध्ये, नावाला पैसे पडायचे. 'पी. पी.', म्हणजे पर्टिक्युलर पर्सन असा कॉल बुक केला की ऑपरेटर पलीकडे त्याच माणसाला बोलावून मग लाइन देई, आणि तो माणूस मिळाला नाही तर पूर्ण आकार पडत नसे. नाव नीट पोचावं म्हणून आम्ही अक्षरं फोडून सांगायचो, डी फॉर दिल्ली, पी फॉर पूना. १९६० मध्ये कानपूर-लखनौ अशी पहिली एसटीडी लाइन सुरू झाली आणि ऑपरेटरवाचून परगावी बोलता यायला लागलं, पण ती सोय घरोघर पोचायला पुढे पुष्कळ वर्षं गेली. तोवर आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात मालकांकडे एकच फोन होता आणि तोच साऱ्या बिऱ्हाडांचा पी. पी. नंबर. फोन आला की मालकीणबाई कठड्याशी येऊन चौकात हाक घालत. ती हाक प्रत्येकाला वेगळी होती. निवृत्त मास्तरांना 'मास्तर, फोन!', समोरच्या तरुण वहिनींना त्यांच्या मुलाच्या नावाने 'अमक्याची आई', कॉलेजच्या मुलाला नुसतं 'अरे ए!'. कुणाला काय म्हटलेलं चालतं हे त्यांना ठाऊक होतं, कारण त्या रोज त्या माणसांच्या चपलांचे आवाज ऐकत होत्या.

माझी भाची खराडीला एका कॉल सेंटरमध्ये क्वालिटी बघते. २००५ साली ती तिथे लागली तेव्हा रात्रपाळी होती, अमेरिकेतले ग्राहक होते आणि तिला फोनवर वापरायला एक अमेरिकन नाव दिलं होतं. सकाळी कॅबने घरी आली की माझी बहीण तिला हाक मारायची आणि तिला ओ द्यायला क्षणभर उशीर व्हायचा. हे बहिणीने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज कापरा झाला होता. नाव आम्ही खूप विचार करून ठेवलं होतं गं, म्हणाली. भाचीला त्याचं एवढं काही वाटत नव्हतं. नोकरी चांगली होती, पगार होता. पण इथल्या ग्राहकांच्या कामावर बदली मिळाली तेव्हा पहिल्या कॉलला आपलं खरं नाव सांगताना कसं वाटलं, हे ती अजून सांगते.

आता ती इतरांचे कॉल ऐकून मार्क देते. तिच्या फॉर्मवर एक रकाना आहे: ग्राहकाचं नाव कॉलमध्ये किमान तीनदा घेतलं का? घेतलं तर मार्क, नाही तर नाही. कुणाचं नाव, बरोबर का चूक, हा रकाना नाही. मी तिला आजीच्या फोनबद्दल सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मावशी, नाव घ्या हे आम्ही मुलांना शिकवतो, पण नाव वाचायला शिकवायला वेळच नसतो. स्क्रीनवर जे पहिलं दिसेल ते घेतात. चार मिनिटांत कॉल संपवायचा असतो.

मराठी नाव तर स्क्रीनवर हमखास फसतं. आपली दहावीची गुणपत्रिका आडनावापासून सुरू होते: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. बँकेचा फॉर्म नावापासून सुरू होतो. एकीकडचं दुसरीकडे जसंच्या तसं भरलं की शेवटी आलेलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं. त्यात आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं ठरलंय. मला तो निर्णय मनापासून आवडला. फक्त तीन चौकोनांत चार नावं कशी बसवणार आहेत, आणि ही मुलं मोठी झाल्यावर फोनवरचा माणूस त्यांतलं कुठलं उचलणार आहे, ही काळजी मला आत्तापासून वाटते.

आईचंही तेच झालं. मी स्वतः बँकेच्या शाखेत जाऊन बाबांच्या मृत्यूचा दाखला पुन्हा दिला, दोन तास बसून नोंद बदलून घेतली. महिनाभर शांतता होती. मग फोन आला तो आईसाठीच, पण मुलगी म्हणाली, 'नमस्कार', आणि बाबांचं नाव घेऊन पुढे 'मॅडम' लावलं. आईच्या नावातलं मधलं नाव तिने उचललं होतं. त्या कॉलमध्ये तिने ते तीनदा घेतलं. तिला पूर्ण मार्क मिळाले असतील.

आणखी एक बोलायचं आहे ते मराठीबद्दल. मराठीसाठीचं बटण दाबल्यावर जे ऐकू येतं ते मराठी कुणाच्या घरात बोलतात? 'मी आपली काय सहाय्यता करू शकते?' 'आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल खेद आहे.' 'कृपया लाइनवर बने राहा.' मी भाचीला एक पानभर वाक्यं लिहून दिली, बोर्डवर जी वापरत होते तीच. नमस्कार, मी अमुक बोलतेय, अमक्या ठिकाणाहून. बोला, काय काम होतं? जरा थांबता का, बघून सांगते. तुम्हाला बराच वेळ थांबावं लागलं, माफ करा हं. आणखी काही होतं का? ठेवू मग? हे शेवटचं तर मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे फोन तोडत नाहीत, 'ठेवू?' असं विचारून, पलीकडून 'हो, ठेवा' आल्यावर ठेवतात. आणि या सगळ्याच्या आधी एकच प्रश्न: तुम्हाला काय म्हणू? कुणी 'काकू' म्हणेल तर आवडतं, कुणाला पंचेचाळिसाव्या वर्षी 'काकू' ऐकून वाईट वाटतं, कुणाला आडनावापुढे 'बाई' हवं असतं कारण तिने तीस वर्षं शाळेत शिकवलंय. विचारलं की माणूस सांगतो. चार सेकंद लागतात, मी घड्याळ लावून पाहिलंय.

भाचीने ते पान तिच्या साहेबांना दाखवलं. पुढे काय झालं ते मी तिला विचारलेलं नाही. तिच्यावर दडपण नको.

सगळा दोष पलीकडच्यांना देऊन मला मोकळं होता येत नाही. आपण त्यांचं नाव कधी विचारतो? मागच्या पावसाळ्यात घरचं इंटरनेट सलग सहा दिवस बंद होतं. सहाव्या दिवशी माझा तोल गेला आणि मी म्हटलं, तुमचं नाव सांगा. त्या मुलाने कॉलच्या सुरुवातीलाच नाव सांगितलेलं होतं. मी ते ऐकलंच नव्हतं. त्याचा आवाज एकदम खाली गेला. 'मॅडम, मी करतोय ना प्रयत्न,' म्हणाला, आणि नाव पुन्हा सांगितलं, सावकाश, मी लिहून घेतेय असं समजून. सदतीस वर्षं जी बाई 'आपलं नाव कळेल का' असं विचारत आली, तिने त्याच प्रश्नाची काठी करून एका पोराच्या पाठीत घातली. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन करून त्याच्याबद्दल चांगलं सांगायचा प्रयत्न केला, पण तशी नोंद करायची सोय त्यांच्याकडे नव्हती. तक्रारीची होती.

परवा आईच्या मुदत ठेवीचं काम होतं. यावेळी फोन आईनेच केला, मी शेजारी होते. मुलगी लागली ती मराठी होती, स्वर ग्रामीण, स्वच्छ. तिनेही स्क्रीनवर बघून बाबांचंच नाव उचललं. मी फोन घ्यायला हात पुढे केला, पण आईने मला थांबवलं.

"बाळ, ते माझ्या मिस्टरांचं नाव," आई म्हणाली. "ते आता नाहीत. मला आजी म्हण."

पलीकडे शांतता. मग ती मुलगी म्हणाली, "सॉरी आजी." पुढचा सगळा कॉल तिने 'आजी'च म्हटलं. पावतीचा नंबर आईने चष्मा लावून एकेक आकडा वाचला, मुलीने न कंटाळता एकेक आकडा परत म्हणून दाखवला. दहा-बारा मिनिटं गेली असतील. काम झालं. आणि मग आईने तिला विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"आजी, काही चुकलं का माझं?"

मला तो आवाज ओळखीचा वाटला. त्या इंटरनेटवाल्या मुलाचा असाच झाला होता.

"अगं नाही," आई म्हणाली. "इतका वेळ माझ्याशी बोलतेयस, तुला हाक कशी मारू मी?"

तिने नाव सांगितलं. आईने ते एकदा म्हणून पाहिलं, बरोबर आहे ना असं विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाली, "ठेवू आता?"

"हो आजी, ठेवा."

आईची टेलिफोनची डायरी फोनच्या शेजारीच असते, वाड्यातल्या दिवसांपासूनची, कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापलेली. 'ग'मध्ये गॅसवाला, 'ड'मध्ये डॉक्टर, यांतले निम्मे नंबर सहा आकडी आणि कधीच बंद झालेले. तिने 'ब'चं पान काढलं. बँकेच्या लांबलचक नंबराखाली जागा नव्हती, म्हणून समासात, पेन आडवं धरून, त्या मुलीचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं: जालन्याची.